गाडी आपली, रस्ता सगळ्यांचा

आमच्या खामगावच्या घरात सकाळच्या चहाआधी एक काम ठरलेलं असे. अंगणातल्या शेडमध्ये गाडीखाली पसरलेलं जुनं वर्तमानपत्र ओढून काढायचं आणि रात्रीतून त्यावर तेलाचे किती थेंब पडले ते मोजायचे. वडील डॉक्टर होते. पेशंटचा ताप लिहावा तसे ते थेंबांचा आकडा तारखेसह वहीत लिहीत. एक-दोन असले तर काही बोलत नसत. पाचाच्या वर गेले की दवाखाना उघडण्याआधी मिस्त्रीला निरोप जाई. आम्हां भावंडांना या वहीचं फार हसू येई. ते हसू मला पुढे बरंच महागात पडलं.

गाडी म्हणजे १९६५ सालची स्टँडर्ड हेराल्ड. वडिलांनी ती १९६९ साली जुनीच घेतली. मूळची ही इंग्लंडातली ट्रायम्फ हेराल्ड. जिओव्हानी मिकेलोत्ती नावाच्या इटालियन माणसाने तिचं रूप घडवलं. १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड मोटर्सच्या कारखान्यात ती तयार होऊ लागली. इंजिन ९४८ सीसीचं, दारं दोनच, आणि बॉनेट दोन्ही मडगार्डांसकट मगरीच्या जबड्यासारखं पुढच्या बाजूला उघडणारं. याच गाडीची चासी आखूड करून इंग्लंडात १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार निघाली. हे ठाऊक असण्याचं काही कारण नसतानाही आमच्या गल्लीत हिला 'स्पोर्ट गाडी'च म्हणत. कापसाच्या गाड्या आणि एस.टी. पाहणाऱ्या गावात ती दिसायचीही तशीच.

वडील २०१९ साली गेले. पुढच्याच वर्षी टाळेबंदी आली आणि गाडी दोन वर्षं शेडमध्येच उभी राहिली. २०२२ च्या उन्हाळ्यात मी ती पुन्हा सुरू केली आणि महिन्याभरात तिच्याखाली बशीएवढा डाग दिसू लागला. हिने विचारलं, "हे काय?" मी जुन्या गाड्यांचे सगळे मालक देतात तेच उत्तर दिलं : "जुनी गाडी आहे, तेल गळणारच." वर्तमानपत्र पसरायचं मी केव्हाच सोडलं होतं. तेल कमी झालं की वरून ओतायचं, एवढाच माझा उपाय.

त्या पावसाळ्यात आम्ही दोघं बोथ्याच्या घाटातून बुलढाण्याला निघालो होतो. पाऊस नुकताच थांबला होता, सागाची पानं धुऊन निघाली होती. एका वळणावर इंजिन सुरूच ठेवून आम्ही पाच-दहा मिनिटं दरी पाहत उभे राहिलो. गाडी थोडी पुढे नेली तोच मागे डब्यांचा खणखणाट झाला. दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल रस्त्यावर आडवी पडली होती. आम्ही उभे होतो तिथे ओल्या डांबरावर तेलाचा सप्तरंगी पट्टा पसरला होता आणि त्यावर सांडलेलं दूध वाहत होतं.

पोराचं कोपर खरचटलं, नशिबाने तेवढंच. मी धावत जाऊन त्याला उठवलं, दुधाचे पैसे पुढे केले. त्याने ते घेतले आणि शांतपणे म्हणाला, "गाडी तुमची हाय काका, पन रस्ता त साऱ्यायचा हाय ना." तो शिव्या देता तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर आधी मी स्वतःच पाना हाती घेतला. टॅपेट कव्हरजवळ तेल दिसत होतं म्हणून त्याचे नट करकचून आवळले. तिथलं पॅकिंग बुचाचं असतं. जास्त दाबलं की ते चिरतं आणि पत्र्याच्या कव्हरची कडही वाकते. दोन्ही झालं. मग एका गॅरेजमध्ये नवं पॅकिंग बसवलं. आठवड्याभरात तेल पुन्हा हजर. मोठ्या शहरातल्या एका गॅरेजने सांगितलं, मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून मुलगा म्हणाला, "बाबा, आता भंगारात द्या." त्या रात्री मला झोप लागली नाही.

शेवटी वडिलांच्या वेळच्या मिस्त्रींना शोधलं. पंचाहत्तरी ओलांडलेली, आता मुलाच्या दुचाकीच्या गॅरेजमध्ये नुसते बसून असतात. त्यांनी आधी पान्याला हातच लावला नाही. घासलेट आणि ब्रशने इंजिन धुऊन घेतलं, कोरडं केलं आणि म्हणाले, "सर, घरातून पावडर आना." हिच्या आरशासमोरचा डबा आला. पांढरंशुभ्र इंजिन सुरू झालं. "तेल कुठी पडून राह्यलं ते नका पाहू, कुठून येऊन राह्यलं ते पाहा," ते म्हणाले. खरंच, तेल उताराने वाहतं, वाऱ्याने मागे जातं. थेंब पडतो एकीकडे आणि उगम असतो भलतीकडेच.

पावडरीवर रेघा उमटल्या त्या एका जागी नाही. टॅपेट कव्हरपाशी, पुढच्या टायमिंग कव्हरपाशी, डिपस्टिकच्या भोकातून आणि मागूनही. मिस्त्री हसले. "एक सील जाते सर, साऱ्या एकदम जात नाईत. आत काईतरी कोंडलं हाय." त्यांनी तेलाचं झाकण उघडलं तर आतून धुराचा भपका आला. टॅपेट कव्हरवरून एअर क्लीनरकडे जाणारी रबरी नळी काढून त्यांनी फुंकली. फुंकर पलीकडे जाईना. तार घातली तेव्हा आतून वाळलेली माती पडली. कुंभारीण माशीचं घर!

इंजिनात स्फोट होतो तेव्हा थोडा वायू पिस्टनच्या रिंगांमधून निसटून खाली तेलाच्या चेंबरमध्ये जातोच. तो बाहेर पडायला ही नळी असते. ती बुजली की आत दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर ढकललं जातं. हेराल्डच्या क्रँकला मागे रबरी सील नाही, फिरताना तेल परत आत लोटणारे आटे आहेत. आतून दाब आला की त्यांचंही काही चालत नाही. म्हणजे मागचं सील 'गेलं' नव्हतंच. आणि ती नळी उघडी कुणी ठेवली? मीच. टाळेबंदीत एअर क्लीनर धुवायला काढला होता आणि दोन वर्षं तो फळीवरच राहिला.

मिस्त्रींनी नळी साफ केली, वाकलेली कड ठोकून सरळ केली, बुचाच्या शीटमधून कात्रीने नवं पॅकिंग कापलं आणि नट हलक्या हाताने आवळले. खर्च काही शे रुपयांचा. गिअरबॉक्स जागेवरच.

तुमच्या दारातही जुनी गाडी असेल तर तिच्याखाली रात्री कागद पसरा. सपाट जागी, थंड इंजिनात डिपस्टिक पाहा. गरम सायलेन्सरच्या पाइपवर तेल पडून वास येत असेल तर ते आगीला निमंत्रण आहे. तेलाचा लाल दिवा लागला तर घर जवळ आलं म्हणून रेटू नका, तिथेच इंजिन बंद करा. आणि काढलेलं तेल गटारात ओतू नका. एवढ्याला मिस्त्री लागत नाही.

गळती शून्य झाली का? नाही. इंजिन थांबलं की त्या आट्यांतून एखादा थेंब निसटतोच. आता गाडीच्या पोटाखाली पत्र्याचा ट्रे लावलाय आणि कुठे थांबलो की मी आधी खाली वाकून पाहतो. वडिलांची वही कपाटातून काढली आहे. त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली माझी पहिली नोंद आहे. सकाळी नात कागद ओढून काढते, मोजते आणि ओरडून सांगते. आज दोन होते.