चिमट्यातलं तेल

पावसाळा सरला की नांदगाव तालुक्यातल्या गाडीवाटा टणक होतात. ओल्या काळ्या मातीत ट्रॅक्टरनी पाडलेल्या चाकोऱ्या तशाच वाळतात, त्यांच्या कडा धारदार होतात. मध्येच एखादा नाला आडवा आला की गोट्यांवरून चाक उड्या मारत जातं. माणिकपुंजच्या धरणाकडे वळलं आणि डोंगर जवळ आला, की माती संपून मुरूम सुरू होतो. त्याचा बारीक खडा चाकाखालून उडून थेट चिमट्याच्या नळ्यांवर बसतो. माउंटन बाइकचा पुढचा चिमटा, म्हणजे सस्पेन्शन फोर्क, किती कामाचा आहे हे अशा वाटेवर कळतं. तो बिघडतोही याच वाटेवर.

फोर्कमध्ये मुळात दोन कामं चालतात. दणका झेलायचं काम स्प्रिंगचं आणि त्या स्प्रिंगला आवर घालायचं काम तेलाचं. नुसती स्प्रिंग असली तर ती जेवढी दाबली जाते तेवढीच उसळते. मनमाडहून औरंगाबादला जाणारी रेल्वे होण्याआधी वेरूळची लेणी पाहायला निघालेले प्रवासी नांदगाव स्टेशनवर उतरत आणि पुढचा मोठा पल्ला टांग्याने गाठत. त्या काळच्या गाड्यांना पोलादी पाटे असत. पाटे एकमेकांवर घासत, त्या घर्षणात थोडी उसळी जिरे. बाकीची प्रवाशाच्या पाठीला सोसावी लागे. तेलाने उसळी जिरवणारा दुर्बिणीसारखा, म्हणजे टेलिस्कोपिक, फोर्क १९३५ मध्ये बीएमडब्ल्यूने आर १२ या मोटारसायकलीवर बाजारात आणला. नळीत नळी सरकते, तेल बारीक छिद्रांतून जाताना अडतं आणि उसळी तिथेच मरते.

सायकलीपर्यंत ही युक्ती यायला अर्धं शतक लागलं, आणि ती आणली मोटारसायकलवाल्यांनीच. मोटोक्रॉसच्या गाड्यांवर हात बसलेल्या अमेरिकन पॉल टर्नरने १९८९ च्या सुमारास रॉकशॉक्स ही कंपनी काढून आरएस-१ हा फोर्क बनवला. तो जेमतेम दोन इंच दबायचा. १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या दुरँगो इथे माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. क्रॉस-कंट्रीत नेड ओव्हरेंड आणि डाउनहिलमध्ये ग्रेग हर्बोल्ड जिंकले, आणि दोघांच्याही सायकलींना रॉकशॉक्सचा फोर्क होता. त्यानंतर ताठ चिमट्याची माउंटन बाइक शर्यतीतून हळूहळू मागे पडली.

हा इतिहास सांगण्याचं कारण नांदगावातच आहे. इथे माउंटन बाइकचं खास दुकान नाही म्हणून लोक फोर्क बिघडला की तसाच दामटतात, नाहीतर नाशिकची वाट धरतात. पण स्प्लेंडरचं शॉकअप डोळे मिटून खोलणारे, ऑइल सील बदलणारे, नळीवरचा ओरखडा नखाने चाचपून सांगणारे हात इथल्या टू-व्हीलर गॅरेजांत आहेत. सायकलीचा फोर्क याच विद्येतून आला आहे. जो फरक आहे, तो समजून घेतला की झालं.

गावातल्या पोरांच्या गिअरच्या सायकलींना बहुतेक साधा लोखंडी स्प्रिंगचा, शंभर मिलिमीटर किंवा त्याहून कमी ट्रॅव्हलचा, म्हणजे तेवढाच दबणारा, फोर्क असतो. वजन अडीच किलोच्या आसपास. वरच्या टोपणावर प्लस-मायनसचा खटका असतो. तो फिरवला की स्प्रिंग मऊ-कडक होते असा सगळ्यांचा समज आहे. प्रत्यक्षात खटका स्प्रिंगला आधीच किती दाबून ठेवायचं एवढंच ठरवतो. तिचा मूळचा कडकपणा तसाच राहतो. चाळीस-पंचेचाळीस किलोच्या मुलाला मोठ्या माणसाच्या वजनाची स्प्रिंग मिळाली, तर तो फोर्क त्याच्यासाठी जवळजवळ ताठच. त्यात दोन-तीन पावसाळे आतलं ग्रीस कोणी बदललेलं नसतं. मग मुलगा म्हणतो, शॉकअप जाम झालं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण यातले कितीतरी फोर्क तासाभराच्या कामाने पुन्हा चालते होतात.

असा एक फोर्क मी स्टेशनकडच्या एका गॅरेजात मिस्त्रींसमोर खोलायला घेतला. पुढचं चाक आधी काढलं आणि ब्रेक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला, कारण डिस्कब्रेकच्या पॅडला तेलाचा थेंब लागला तर ते पॅड गेलंच. फोर्कच्या पायांच्या, म्हणजे खालच्या बाहेरच्या नळ्यांच्या, तळाचे नट सोडवून पाय खाली ओढले. निम्म्यावर येऊन ते अडकले. मिस्त्रींनी मला हाताने बाजूला केलं, दोन्ही पाय धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे हलवत ते उतरवले. आतल्या नळ्यांवर काळसर, वाळून घट्ट झालेला थर होता. ते रॉकेलच्या डब्याकडे हात नेणार, तेवढ्यात मी थांबवलं. धातूला रॉकेल चालतं. सील आणि आतली प्लॅस्टिकची बुशं यांना मेडिकलमधलं स्पिरिट बरं. पुसायलाही कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे सीलच्या ओठात अडकतात. जुन्या सुती धोतराचा तुकडा सगळ्यात चांगला. ग्रीस मात्र फोर्कसाठीचंच लागतं. चेसिसला भरतात ते जड ग्रीस भरलं तर आत सगळंच चिकट होतं आणि हलक्या मुलाचा फोर्क दबतच नाही.

जोडून झाल्यावर मिस्त्रींनी हँडलवर भार दिला. फोर्क आत गेला आणि वर आला. त्यांनी पुन्हा दाबलं, कान लावून ऐकलं. “वर येताना टक् करतंय, सर,” ते म्हणाले. बरोबर होतं. या साध्या फोर्कला उसळी आवरणारं तेलच नाही, त्यामुळे वर येताना तो शेवटी आपटतो. तो दोष साफसफाईने जात नाही.

हवेचा फोर्क वेगळा. त्यात लोखंडी स्प्रिंगच्या जागी कोंडलेली हवा असते आणि चांगल्याची किंमत पन्नास हजारांच्या पुढेही जाते. माझ्या सायकलीचा हवेचा फोर्क खोलला तेव्हा मिस्त्रींचा पहिला प्रश्न होता, “तेल किती घालायचं?” मी म्हटलं, दोन्ही पायांत मिळूनही एक छोटी सिरिंज पुरेल. त्यांना पटेना. स्प्लेंडरच्या शॉकअपात एकच तेल आवरही घालतं आणि वंगणही देतं, म्हणून ते भरपूर लागतं. सायकलीच्या या फोर्कात आवर घालणारं तेल वेगळ्या बंद कार्ट्रिजमध्ये असतं. पायात ओततात ते फक्त नळ्या आणि सील ओले ठेवायला. ते जास्त घातलं तर आतली मोकळी जागा भरते आणि फोर्क शेवटच्या टप्प्यात दबायचा थांबतो. कळल्यावर त्यांनी स्वतःच सिरिंज हातात घेतली आणि तेल मोजायला ती उभी धरली.

हवेच्या फोर्कात एका गोष्टीत जिवाशी गाठ आहे: हवा पूर्ण सोडल्याशिवाय एकही बोल्ट सैल करायचा नाही. हवा सोडली, तळाचे बोल्ट एलन कीने काही आटे सैल केले आणि बोल्टच्या डोक्यावर रबरी हातोडीने हलकेच ठोकलं की आतला दांडा सुटतो. पाय उतरवताना जे तेल परातीत गळलं ते आमच्या नाल्याला पहिला पूर येतो तशा गढूळ रंगाचं होतं. ताजं तेल आरपार दिसतं. धूळ सीलच्या ओठातून आत शिरली होती आणि नळीच्या मुलाम्यावर घासत होती. सीलखालच्या स्पंजच्या कड्या मिस्त्रींनी बोटात धरून पिळल्या, स्वच्छ केल्या, नव्या तेलात भिजवून परत बसवल्या. या कड्या कोरड्या पडल्या की फोर्क आधी चरचरतो, मग अडकतो. सायकलस्वारांनी सर्वांत आधी शिकावं ते हेच काम. कंपन्या साधारण पन्नास तासांच्या वापरानंतर पायांची ही साफसफाई करायला सांगतात. आमच्या मुरमाच्या धुळीत मी त्याहून लवकर करतो.

मग फोर्क वजनाला लावायचा. माझा १२० मिलिमीटर ट्रॅव्हलचा आहे. पाठीवर पिशवी, पिशवीत पाणी, डोक्यावर हेल्मेट असं सगळं घेऊन सायकलवर उभं राहायचं आणि कोणीतरी हँडल धरायचं. नळीवरची रबरी कडी सीलला टेकवून अलगद उतरलं की फोर्क किती बसला ते कडी दाखवते. २० ते २५ टक्के, म्हणजे २४ ते ३० मिलिमीटर, बसला तर ठीक. कमी बसला तर हवा सोडायची, जास्त बसला तर भरायची. यासाठी टायरचा पंप चालत नाही. शॉक पंप लागतो, कारण आतली जागा छोटी आणि दाब मोठा. भरताना मध्येमध्ये फोर्क दाबत राहावं लागतं, म्हणजे आतल्या दुसऱ्या कप्प्यातही हवा जाते. पंप काढून पुन्हा लावला की काटा कमी दाखवतो. फोर्क गळतोय असं वाटून लोक घाबरतात, पण ती थोडी हवा पंपाच्या नळीत गेलेली असते.

हवा लावली की तळाचा खटका. त्यावर ससा आणि कासव कोरलेले असतात. सशाकडे फिरवलं की फोर्क पटकन वर येतो, कासवाकडे फिरवलं की सावकाश. हँडल जोरात दाबून सोडल्यावर चाक जमिनीवरून सुटलं तर फोर्क फार उतावळा. उलट वाळलेल्या चाकोऱ्यांवरून सलग जाताना तो प्रत्येक दणक्यानंतर आणखी खाली बसत गेला, तर तो फार संथ. हवा वाढवली की हा खटका थोडा कासवाकडे न्यावा लागतो, हे बहुतेक जण विसरतात.

नांदगावचं हवामान यात स्वतःचा हात घालतं. डिसेंबरच्या पहाटे १० अंशांवर ८० पीएसआय भरलेला फोर्क एप्रिलच्या दुपारी ४० अंशांना पोचला की आतला दाब ९० च्या घरात जातो. तेवढ्याने त्याचा स्वभाव बदलतो. म्हणून ऋतू पालटला की मी कडी पुन्हा तपासतो, आणि शक्यतो ज्या वेळी सायकल चालवायची त्याच वेळी.

वाटेवरून आलं की नळ्या ओल्या फडक्याने पुसायच्या. वॉशिंग सेंटरच्या पिचकारीचा मारा सीलवर कधीच नको. जोराचं पाणी सीलच्या ओठातून चिखल आत ढकलतं. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवायची आणि एक बोट नळी-सीलच्या सांध्यावर ठेवायचं. तिथे हालचाल जाणवली तर आतली बुशं झिजलीत. वर हँडलखाली जाणवली तर दोष कटोरी-छर्‍यांचा. डांबरी रस्त्यावर फोर्क लॉक करायला हरकत नाही, पण खडकाळ वाट लागायच्या आत लॉक काढायचं.

शेजारच्या जिल्ह्यातल्या संगमनेरच्या प्रणिता सोमणने माउंटन बाइकच्या राष्ट्रीय स्पर्धांत पदकं मिळवली. १९९६ पासून क्रॉस-कंट्री ऑलिम्पिकमध्ये आहे. आमच्या तालुक्यातल्या पोरांकडे वाटा आहेत, डोंगर आहे, दमही आहे. त्यांच्या सायकलीचा चिमटा त्यांच्या वजनाला लावून देणारं आणि वेळेवर साफ करणारं माणूस गावातच असलं पाहिजे. आमच्या मिस्त्रींनी आता सील ठोकायला पीव्हीसी पाइपाचा एक तुकडा बेताच्या व्यासाचा कापून घेतलाय. मोटारसायकलीचं सील बसतं का हेही त्यांनी लावून पाहिलं. बाहेरचा व्यास जुळत नाही आणि ओठही कडक असतो. त्यामुळे नळीच्या मापाचे, २८, ३० किंवा ३२ मिलिमीटरचे, संच बाहेरूनच मागवावे लागतात. ते यायला दिवस जातात, म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आत मागवून ठेवलेले बरे. डब्यावर माप मात्र मार्करने मोठं लिहायचं. दोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही आणि चुकीच्या मापाचं सील पहिल्याच दिवशी तेल सोडायला लागतं.