सवलतीत सायकलचे पार्ट घेताय? आधी हे वाचा

सेल लागला की सायकलवाल्यांचा हात मोबाइलकडे जातोच. पण ऑनलाइन दुकानांच्या वर्णनात नेमकी हवी ती माहिती नसते, याचा खरंच संताप येतो. 'सर्व सायकलींना चालेल' असं लिहून मोकळे होतात. असा पार्ट नसतो!

🔧 टायर: नुसतं '२६ इंच' पुरेसं नाही. एमटीबीचा (माउंटन बाइकचा) २६ इंची टायर बहुधा ५५९ मिमी रिमचा, तर २६ × १ ३/८ चा टायर ५९० मिमीचा. एकाच्या रिमवर दुसरा बसणारच नाही. जुन्या टायरच्या बाजूवर '३७-५९०' असा आकडा असतो, तो जुळवा.

🔧 कॅसेट: शिमानोची ११ स्पीड रोड कॅसेट जुन्या १० स्पीड फ्रीहबवर (मागच्या चाकाच्या ज्या भागावर कॅसेट चढते त्यावर) सहसा बसत नाही. १०-५१ दात्यांच्या १२ स्पीड कॅसेटला तर मायक्रो स्प्लाइन फ्रीहबच लागतो.

🔧 डिरेलर: शिमानोचा १० स्पीड रोड शिफ्टर आणि १० स्पीड एमटीबी डिरेलर यांची केबल-ओढ वेगळी. गिअर नीट पडत नाहीत.

म्हणून मॉडेल नंबर विचारा, उत्तर लेखी घ्या, पानाचा स्क्रीनशॉट ठेवा आणि पार्सल उघडताना व्हिडिओ काढा.

वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल, तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याला ती परत घेणं नाकारता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. गप्प बसू नका!