वास घेणारे पाय

पाऊस ओसरला की पणजीतल्या फ्लॅटात काय, पेडण्याच्या वाड्यावर काय, कुत्र्याच्या कानामागे तपकिरी दाणे हाताला लागतातच. या गोचिडीला नाक नाही. वास येतो पायांना! पुढच्या दोन्ही पायांवर एकेक सूक्ष्म खळगा असतो, त्याला हॅलरचं इंद्रिय म्हणतात. श्वासातला कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब, कातडीचा गंध तिला तिथेच कळतो.

तिचं आयुष्य तर त्याहून अजब. अंड्यातून निघते तेव्हा पाय सहा. रक्त पिते, गळून पडते, कात टाकून आठ पायांची होते, पुन्हा कुत्रा गाठते. पुन्हा रक्त, पुन्हा कात, आणि तिसऱ्यांदा कुत्रा. शेवटच्या जेवणात मादीचं वजन शंभरपटीच्या घरात जातं. मग ती उतरते, भिंत चढते, चिऱ्यांच्या सांध्यात शिरून हजारो अंडी घालते आणि मरते. पूर्ण वाढलेली गोचीड महिनोन्‌महिने उपाशी तग धरते. म्हणजे कुत्र्यावर दिसतात त्या थोड्या. खरा गोतावळा बल्कांवाच्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीच्या, फटींत.

म्हणूनच नुसत्या आंघोळीवर माझा विश्वास नाही. आजच्या गोळ्यांची युक्ती सुंदर आहे: औषध कुत्र्याच्या रक्तात राहतं, चावणाऱ्या गोचिडीच्या मज्जातंतूंतल्या क्लोराइडच्या वाटा बंद पडतात आणि ती तडफडून मरते. भिंतीतून भुकेली पिल्लं येत राहतात, कुत्राच त्यांचा सापळा होतो. मात्र एक मात्रा चुकली की सापळा उघडा. फिट येणाऱ्या कुत्र्याला ही गोळी डॉक्टरांना विचारूनच द्या.

चावा साधा नसतो. एर्लिकिया, बाबेसिया हे रक्ताचे आजार तिच्यातूनच येतात. बाबेसियाची एक जात तर 1910 मध्ये भारतातल्याच कुत्र्यांत सापडली. डिचोलीकरांनी आणखी जपावं. शेजारच्या सत्तरीत 2015 मध्ये आणि दोडामार्गात 2016 मध्ये माणसांत माकडताप आला. तोही गोचिडीतूनच. त्याची गोचीड वेगळी, रानातली. पण रानात हिंडून आलेला कुत्रा ती अंगावर घरी आणू शकतो. तो घरात शिरण्याआधी कान, काख, बोटांच्या बेचक्या तपासा. सापडलीच तर रॉकेल नको, चिरडणं नको. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा.

आणि घरात मांजर असेल तर कुत्र्याचं पर्मेथ्रिनवालं औषध तिला चुकूनही लावू नका. मांजरीच्या यकृताला ते पचवता येत नाही. थोड्याशा मात्रेनेही तिचा जीव जाऊ शकतो.