कृत्रिम पाय माळ्यावर का जातो?

गुडघ्याखाली पाय कापावा लागलेल्या माणसाला शिबिरातून कृत्रिम पाय मिळतो, घरची मंडळी आनंदाने त्याला घेऊन येतात आणि वर्षभरात तो पाय माळ्यावर जातो, माणूस पुन्हा काठीवर. आपल्या धानपट्ट्यात हे मी अनेकदा पाहिले आहे. विचारले तर उत्तर ठरलेले, "डॉक्टर, पाय चांगला आहे, पण जमत नाही." या न जमण्यामागे कारणे अनेक असतात. त्यातल्या एका कारणाकडे फारसे कोणी पाहत नाही, ते म्हणजे पायाचा पुढे झुकणारा कल.

आपण चालतो तेव्हा पाऊल जमिनीवर टेकलेले असताना नडगी त्यावरून पुढे झुकते. हे काम घोटा करतो. घोटा वाकत नसेल तर हा कल आधीच बांधून द्यावा लागतो. बर्फावर घसरण्याच्या स्की या खेळात बूट असाच कडक असतो, म्हणून नडगी किती पुढे राहावी हे बुटातच ठरवतात. कल कमी पडला तर खेळाडूचे वजन टाचेवर जाते, जास्त झाला तर गुडघे सतत वाकलेले राहून मांड्या भरून येतात. गुलमर्गच्या उतारावर जो हिशेब, तोच आपल्या बांधीच्या धुऱ्यावर. फरक इतकाच, की खेळाडू संध्याकाळी बूट काढून ठेवतो.

जयपूर फूट आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. सुधा चंद्रन त्यावर नाचल्या, त्यांच्यावर 'नाचे मयूरी' हा चित्रपट 1986 मध्ये आला. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी 1968 च्या सुमारास हा पाय घडवला. त्यापूर्वीचे परदेशी धर्तीचे पाऊल बुटात घालूनच चालायचे आणि घोट्यात वाकत नसे. उकिडवे बसले की टाच उचलली जाई. मोहफुले वेचणाऱ्याला किंवा तेंदूपत्त्याचे पुडे बांधणाऱ्याला त्याचा काय उपयोग? जयपूरचे रबरी पाऊल वाकते, अनवाणी चालते, चिखल सोसते. मात्र वरची प्लास्टिकची नळी पावलावर कोणत्या कोनात बसवली, हे कारागिराच्या हातात असते. स्टम्प ज्यात बसतो ते सॉकेट साधारणपणे 5 अंश पुढे झुकवून बसवतात. येथे थोडे इकडेतिकडे झाले की चाल बिघडते.

ते ओळखावे कसे? कल जास्त असेल तर सपाट रस्त्यावरही उतार उतरल्यासारखे वाटते, गुडघा अचानक पुढे ढकलला जातो, संध्याकाळी मांडी दुखते. कल कमी असेल तर सतत चढ चढल्यासारखे वाटते आणि गुडघा मागे ताणला जातो. पाय घेतानाच दहावीस पावले चालून पाहा, थोडा चढ-उतार करा, उकिडवे बसून पाहा आणि जे वाटते ते तिथेच सांगा. फुकटची वस्तू मिळत असताना तक्रार कशी करायची, या संकोचाने आपली माणसे गप्प बसतात. तो संकोच पुढे महाग पडतो.

आणखी एक. मापाच्या दिवशी रोजच्या वापरातली चप्पल सोबत न्या. अनवाणी पायाला जमवलेला कल उंच टाचेचा बूट घातला की बदलतो, कारण टाच उचलली की नडगी पुढे ढकलली जाते. टाच आणि चवडा यांखाली सारख्याच जाडीचा तळवा असलेली सपाट चप्पल कल बदलत नाही, पण ती दोन्ही पायांत घालावी, नाहीतर एक पाय उंच होतो. लग्नासाठी घेतलेल्या नव्या बुटांनी कितीतरी जणांचा गुडघा दुखावलेला मी पाहिला आहे.

पहिल्या काही महिन्यांत स्टम्प आकसतो. मग तो सॉकेटमध्ये खोल जातो, पाय आखूड वाटतो आणि चांगला बसवलेला कलही चुकल्यासारखा भासतो. आधी आत जादा मोजा घालून पाहा. तेवढ्याने भागले नाही तर तोच पाय घेऊन कारागिराकडे जा. पुष्कळदा दुरुस्तीनेच काम होते, नव्या पायाची गरज पडत नाही.

मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने पाय गमावलेल्यांनी मात्र 'दुखत नाही, म्हणजे ठीक आहे' असे समजू नये. त्यांच्या स्टम्पला दुखणे कळतच नसते. रोज रात्री पाय काढल्यावर उजेडात स्टम्प पाहा, मागची बाजू आरशात किंवा घरच्याला दाखवून. लाली पंधरावीस मिनिटांत गेली नाही, तर दुसऱ्या दिवशी पाय घालू नका आणि डॉक्टरांना दाखवा.