जुन्या ट्रॅक्टरची पहिली निगा

जुना ट्रॅक्टर विकत घेताना त्याच्या पूर्वीच्या निगेची नोंद बहुधा मिळत नाही. अशा वेळी निगा झालेलीच नाही, असे धरून चालणे हिताचे. प्रथम पट्टी काढून इंजिनाचे तेल पाहावे. ते दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे असे समजून, इंजिन सुरू न करता कारागिरास दाखवावे. एरवी इंजिन थोडे चालवून तेल गरम असतानाच काढावे. त्याबरोबर गाळही निघतो. तेलाचा व डिझेलचा फिल्टर बदलावा. तेलाची हवागाळणी असल्यास तिचे भांडे धुऊन ताजे तेल भरावे; आत गेलेली धूळ सिलिंडर व रिंगा झिजविते. शेवटी तासमापकाचा आकडा वहीत लिहावा. पुढील तेलबदल त्यावरूनच ठरतो. ही कामे उन्हाळ्यातच उरकावीत. ऐन पेरणीत इंजिन बंद पडले, तर दुरुस्तीच्या खर्चाबरोबर वाफसाही हातचा जातो.