कर्नल जुना, कंपायलर नवा: बिल्ड फेल का होतो?

सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा स्वतःचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे. साताऱ्यातही इंजिनिअरिंगची मुलं ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकतात. अशा ठिकाणी कधी ना कधी हे घडतंच: सीनियरने दिलेला कर्नलचा कोड, त्याच्याच वहीतल्या कमांड्स, पण नव्या लॅपटॉपवर बिल्ड फेल. सबमिशन उद्यावर आलेलं असतं आणि कोडच्या एकाही ओळीला कोणी हात लावलेला नसतो.

बदललेला असतो तो कंपायलर.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. त्याचा सी भाषेतला कोड मशीनला कळेल अशा रूपात आणायला कंपायलर, असेंबलर, लिंकर आणि मेक अशी हत्यारं लागतात. कृष्णाकाठच्या एखाद्या फिटरला यातली अडचण समजावून सांगावी लागणार नाही. जुन्या यंत्राचे नट इंचाच्या मापाचे आणि हातातला पाना मिलिमीटरचा असला, की पाना घसरतो. नटही बरोबर, पानाही बरोबर.

एमआयटीने शिकवण्यासाठी लिहिलेला एक्सव्ही६ हा छोटा कर्नल घ्या. त्याच्या शेलमध्ये स्वतःलाच पुन्हा बोलावणारं एक फंक्शन आहे. ते कित्येक वर्षं बिनतक्रार कंपाइल होत होतं. मग जीसीसी १२ मध्ये न संपणारं रिकर्जन ओळखणारी नवी सूचना आली. एक्सव्ही६ च्या मेकफाइलमध्ये तर प्रत्येक सूचना ही चूक धरावी असा नियम आहे, त्यामुळे बिल्ड थांबला. उपाय एका ओळीचा निघाला: हे फंक्शन कधीच परतत नाही, असं कंपायलरला आधी सांगायचं.

लिनक्स कर्नलमध्ये यासाठी कोणत्या हत्याराची किमान कोणती व्हर्जन हवी, याची यादीच ठेवलेली असते. जीसीसीसाठी ही अट २०१८ च्या ४.१९ कर्नलमध्ये ४.६ होती, २०२१ च्या ५.१५ मध्ये ५.१ झाली आणि २०२५ च्या ६.१६ मध्ये थेट ८ वर गेली. आताचा कर्नल कॉन्फिगरेशनच्या वेळीच व्हर्जन तपासतो आणि कंपायलर फार जुना असेल तर तिथेच थांबतो.

हा अडेलपणा वाटतो, पण त्यामागे वाईट अनुभव आहे. एआरएम ६४ मशीनवर अधूनमधून फाइल सिस्टिमच्या चेकसमच्या चुका दिसत होत्या. शोध घेता घेता माग जीसीसी ४.९ पर्यंत पोहोचला. तो कंपायलर काही ठिकाणी स्टॅकवरची जागा आधी सोडून देत होता आणि तिथली किंमत नंतर वाचत होता. नेमक्या त्या मधल्या क्षणी इंटरप्ट आला, तर किंमत पुसली जाऊन तिथे भलतंच काही यायचं. बिल्ड मात्र नीट व्हायचा, मशीनही सुरू व्हायचं. २०२१ च्या सुरुवातीला एआरएम ६४ साठी किमान व्हर्जन ५.१ करण्यात आली. फेल झालेला बिल्ड त्रास देतो, पण डेटा तरी खराब करत नाही.

किमान व्हर्जन लिहून ठेवता येते. कमाल कशी लिहिणार? पुढच्या वर्षीचा कंपायलर काय बदलेल, हे आजच्या कर्नलला ठाऊक नसतं. २०२५ मध्ये आलेल्या जीसीसी १५ ने सी भाषेचं नवं सी२३ रूप डीफॉल्ट केलं. त्यात ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’ हे राखीव शब्द आहेत, तर कर्नलने तीच नावं स्वतः ठरवलेली होती. बहुतेक कोडसाठी भाषेचं रूप मेकफाइलमध्ये स्पष्ट सांगितलेलं असल्याने तो वाचला. बूटच्या वेळी चालणाऱ्या काही भागांत ते सांगायचं राहिलं होतं, आणि जुने कर्नल तिथेच अडकले.

ड्रायव्हर वेगळा बिल्ड करताना आणखी एक अट येते: कर्नल ज्या कंपायलरने बनला, शक्यतो तोच वापरायचा. उबंटू २२.०४ मध्ये नेहमीचा कंपायलर जीसीसी ११, पण अपडेटमधून आलेला ६.५ कर्नल जीसीसी १२ ने बनवलेला. त्यामुळे काहींचे वायफायचे किंवा ग्राफिक्सचे ड्रायव्हर अपडेटनंतर बनेनात. अशा वेळी जीसीसी १२ हे पॅकेज टाकायचं. जुना काढायची गरज नसते, एकाच मशीनवर दोन्ही नांदतात. चालू कर्नल कशाने बनला, ते ‘प्रॉक’ डिरेक्टरीतल्या ‘व्हर्जन’ फाइलमध्ये लिहिलेलं असतं.

जुन्या कर्नलवर काम करायचं असेल, तर कोड बदलत बसण्याआधी त्याच्या काळातला कंपायलर आणावा. मेकला ‘सीसी’ या व्हेरिएबलमधून हवा तो कंपायलर सांगता येतो, किंवा त्या काळची डिस्ट्रिब्युशन कंटेनरमध्ये चालवता येते. आणि ज्युनियरला फोल्डर देताना आपल्या जीसीसीची आणि मेकची व्हर्जन एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ती सोबत द्यावी. दोन ओळींचं काम आहे.