टिंब-रेघेची परीक्षा

२३ फेब्रुवारी २००७ रोजी अमेरिकेत पाच मिनिटांची एक परीक्षा कायमची बंद झाली. जगाच्या दृष्टीने ही काही मोठी घटना नव्हे. परंतु या परीक्षेपायी आधीची पंधरा-सोळा वर्षे सुशिक्षित, पोक्त आणि एरवी सभ्य अशी माणसे एकमेकांशी इतक्या कडवटपणे भांडली, की बाहेरच्याला वाटावे, भावाभावांत जमिनीचा दावा चालू आहे. वाद होता मोर्सच्या टिंब-रेघांचा. हौशी रेडिओचालकाला, म्हणजे ज्याला जगभर 'हॅम' म्हणतात त्याला, परवाना देण्याआधी मोर्स आलेच पाहिजे का, एवढाच प्रश्न.

हॅम म्हणजे कोण, हे थोडक्यात सांगतो. सरकारी परीक्षा देऊन, स्वतःचे कॉलसाइन घेऊन, घरातल्या एका कोपऱ्यातून रेडिओलहरींवर जगभरच्या अनोळखी माणसांशी संपर्क साधणारा हौशी माणूस. यात पैसे घ्यायचे नाहीत, धंदा करायचा नाही. आपल्याकडची कॉलसाइन साधारणपणे 'व्हीयू टू' किंवा 'व्हीयू थ्री'ने सुरू होतात. राजीव गांधींचे 'व्हीयू टू आरजी' होते. मी स्वतः मोर्सची परीक्षा देऊन परवाना मिळवलेल्यांपैकी आहे. हे आधीच सांगितलेले बरे, म्हणजे पुढचे म्हणणे कोल्ह्याला द्राक्षे आंबट या जातीचे नाही, हे ध्यानात येईल.

ही अट कुणाला छळण्यासाठी आलेली नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी रेडिओवरून प्रामुख्याने टिंबे आणि रेघाच जात. बुडत्या जहाजाची हाक मोर्समध्ये येई, आणि एखादा हौशी पोरगा घरगुती यंत्र लावून नेमकी तीच हाक दडपून टाकील, अशी धास्ती असे. 'बंद कर' असे कुणी मोर्समध्ये सांगितले तर ते त्याला कळले पाहिजे, हा साधा हिशेब. १९२७ च्या वॉशिंग्टन परिषदेत ही अट आंतरराष्ट्रीय नियमांत आली. पुढे तिची हद्द आकसत गेली. १९४७ मध्ये ती १००० मेगाहर्ट्झच्या खाली लागू होती, १९५९ मध्ये १४४ च्या खाली, १९७९ मध्ये ३० च्या खाली. पण ३० च्या खालचाच पट्टा तर सोन्याचा! तिथल्या लहरी आकाशातल्या विद्युतभारित थरावरून परतून सातासमुद्रापार जातात. दूरदेशी बोलायचे तर मोर्सच्या उंबरठ्याला डोके टेकवूनच आत जावे लागे.

अमेरिकेत या उंबरठ्याची शिडी झाली होती. खालच्या पायरीला मिनिटाला पाच शब्द, मधल्या पायरीला तेरा, वरच्या 'एक्स्ट्रा' श्रेणीला वीस. शब्द म्हणजे पाच अक्षरे. माणूस कोणत्या पायरीवर उभा आहे यावरून त्याची पत ठरे. १९९१ मध्ये तिथल्या सरकारने मोर्सवाचून मिळणारा एक परवाना काढला, तोही वरच्या फ्रिक्वेन्सींपुरताच. पण 'नो-कोड' हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला. त्याच सुमारास आणखी एक सवलत आली होती. अपंगत्वामुळे ज्याला वेग गाठता येत नाही, त्याला डॉक्टरचे सर्टिफिकेट आणल्यास तेरा आणि वीस शब्दांची चाचणी माफ. आता डॉक्टरचे सर्टिफिकेट म्हटले की पुढे काय होते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. कुणाचे खरे, कुणाचे खोटे, या संशयाने क्लबाक्लबांत तोंडे फिरली. एप्रिल २००० मध्ये सगळ्या पायऱ्यांना सरसकट पाच शब्द केले, तेव्हा वीस शब्दांवाल्यांनी नव्यांना 'एक्स्ट्रा लाइट' म्हणायला सुरुवात केली.

जहाजांवर तोवर मोर्स संपलेच होते. १ फेब्रुवारी १९९९ पासून सागरी संकटसंदेशांची उपग्रहांवर आधारलेली नवी व्यवस्था पूर्णपणे लागू झाली. ज्या कारणाने ही अट जन्माला आली, ते कारणच उरले नाही. २००३ च्या जिनिव्हा परिषदेने मग निर्णय ज्या त्या देशावर सोपवला. स्वित्झर्लंड, ब्रिटन, जर्मनी यांनी काही आठवड्यांत अट काढून टाकली. कॅनडाने २००५ मध्ये मोठी व्यवहारी वाट काढली: मोर्स द्या, नाही तर लेखी परीक्षेत ऐंशी टक्के मिळवा. अमेरिकेला मात्र साडेतीन वर्षे लागली. सरकारकडे अर्जांचा आणि हरकतींचा ढीग पडला. तिथल्या हॅम मंडळींची जुनी संघटना, १९१४ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन रेडिओ रिले लीग, हिने तडजोड सुचवली की मधल्या श्रेणीला माफी द्यावी, फक्त 'एक्स्ट्रा'ला पाच शब्द ठेवावेत. दोन्ही बाजू नाराज झाल्या, आणि सरकारने ते काही ऐकले नाही. परीक्षा साफ गेली.

मोर्सच्या बाजूने जे बोलले जाई, त्यातले बरेचसे खरे आहे. आवाजाला जेवढा पट्टा लागतो, त्यात मोर्सची पंधरा-सोळा संभाषणे मावतात. मूठभर सुटे भाग जोडून प्रक्षेपक बनतो. परदेशी यंत्रे खिशाला परवडत नसत, त्या काळात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुने भाग धुंडाळून आपल्याकडच्या कितीतरी हॅमनी पहिला संपर्क साधला तो असल्याच यंत्रावर. आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे मोर्सला उच्चार नसतात. मराठी शाळेत शिकलेल्या, इंग्रजी बोलताना अडखळणाऱ्या माणसाला मायक्रोफोनपुढे घाम फुटतो. पण पाच-पन्नास संक्षेप पाठ असले की तोच सैबेरियातल्या माणसाशी बरोबरीने गप्पा मारतो. पलीकडच्याला इंग्रजी येत नाही हेही त्याला कळत नाही. ज्याला दिसत नाही, जो बोलताना तोतरतो, त्यालाही मोर्सने हात दिला आहे. शिवाय सही ओळखावी तसा की चालवणाऱ्याचा हात ओळखू येतो, ही गंमत वेगळीच.

हे सारे मान्य. पण हे मोर्स शिकण्याचे फायदे झाले, परीक्षा सक्तीची करण्याचे नव्हेत. वादातली खरी गफलत इथेच होती. पोहता येणे फार चांगले, म्हणून नावेत बसणाऱ्या प्रत्येकाची पोहण्याची परीक्षा घ्या, असे कुणी म्हणत नाही.

त्यात ही परीक्षा काय शिकवी, तेही पाहायला हवे. तबला शिकणारा मुलगा 'धा धिं धिं धा' अक्षरे मोजून शिकत नाही, बोल कानात बसवतो. मोर्सचेही तसेच. सगळ्यांना पुकारण्याचे 'सीक्यू' हे कागदावर टिंबे-रेघा असते. कानाला ते 'डा-डि-डा-डिट, डा-डा-डि-डा' असे एका चालीत ऐकू आले पाहिजे. मिनिटाला पाच शब्दांच्या वेगात ही चालच उरत नाही. माणूस बोटांवर टिंबे मोजतो, मनातल्या तक्त्यात अक्षर शोधतो, कसाबसा पास होतो आणि महिन्याभरात विसरतो. पुढे दहा शब्दांशी आले की मोजणे पुरत नाही आणि गाडी अडते. म्हणजे २००० नंतर उरलेली ती पाच शब्दांची परीक्षा मोर्सवाल्यांच्याही उपयोगाची नव्हती. तिच्यासाठी इतके रक्त आटवणारे लोक नेमके कशासाठी आटवत होते?

चाळणी हवी म्हणून, असे काहीजण उघड सांगत. सत्तरच्या दशकात अमेरिकेत ट्रकवाल्यांच्या 'सिटिझन्स बँड' रेडिओचे वेड पसरले आणि त्यावर जी भाषा ऐकू आली, तिने हॅम मंडळी धसकली. मोर्सची मेहनत केलेला माणूस शिस्तीने वागेल, अशी त्यांची श्रद्धा. ही श्रद्धा मला कधी पटली नाही. १४.३१३ मेगाहर्ट्झवरची शिवीगाळ हॅम जगात वर्षानुवर्षे कुप्रसिद्ध होती; तिथे तोंड सोडणाऱ्या अमेरिकन माणसाकडे रीतसर परवाना असला, तर तो मोर्स पास झालेलाच असणार.

चाळणीच्या मागे दुसरेच काही होते, आणि ते आपल्या घरांतून चांगले परिचयाचे आहे. 'आम्ही सासुरवास सोसला, हिला का नको?' ज्याने रात्री जागून वीस शब्द गाठले, परीक्षकासमोर घामेजल्या हाताने अक्षरे उतरवली, त्याला ती पाच मिनिटे आयुष्यभर पुरलेली असतात. उद्या कुणी म्हणाले की हे अनावश्यक होते, तर त्याचे कष्टच कुणी पुसून टाकल्यासारखे होते. त्या दुःखाची मी थट्टा करणार नाही. पण ते दुःख कायद्याच्या पुस्तकात बसत नाही. आणि उंबरठ्याबाहेर उभा असलेला पंचावन्न वर्षांचा, कान मंदावलेला, सर्किटे मात्र झोपेतही जोडील असा माणूस, त्याचे काय?

जपानने हा प्रश्न फार आधी सोडवला होता. कमी शक्तीच्या, फक्त बोलण्याच्या परवान्याला तिथे मोर्स लागत नसे, आणि १९९५ च्या सुमारास तिथल्या हौशी केंद्रांची संख्या तेरा लाखांवर गेली होती. आपल्याकडे १९७८ च्या नियमांत दुसऱ्या श्रेणीला पाच शब्द, पहिल्या व ॲडव्हान्स्ड श्रेणीला बारा शब्द होते. २००९ मध्ये श्रेणी दोनच ठेवल्या: 'जनरल'ला मिनिटाला आठ शब्दांचे मोर्स, 'रिस्ट्रिक्टेड'ला मोर्स नाही. आपल्याकडे यावरून अमेरिकेसारखे रान पेटले नाही. परीक्षेनंतर पोलीस चौकशी आणि परवान्याची वाट पाहण्यातच उमेदवाराचा जीव इतका मेटाकुटीला येई, की तत्त्वाच्या भांडणाला त्राण राहत नसे.

संकटकाळी मोर्सच कामाला येते, हाही एक आवडता मुद्दा. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरमध्ये होते. अंदमानातल्या माणसांची खुशाली त्यांनी मुख्यतः बोलूनच मुख्य भूमीवर कळवली.

अट गेल्यावर काय झाले? अमेरिकेतले परवानाधारक २००७ मध्ये साडेसहा लाखांच्या आसपास होते, ते २०१४ अखेर सव्वासात लाखांवर गेले. मोर्स मेले नाही. शिकवणारे क्लब निघाले, संध्याकाळचे वर्ग भरू लागले, पाठीवरच्या पिशवीत मावणारी यंत्रे घेऊन डोंगरमाथ्यावर जाणारे तरुण तर मोर्सच पसंत करतात, कारण बॅटरी थोडी पुरते. धक्का बसला तो भलतीकडून. २०१७ मध्ये जोसेफ टेलर या भौतिकशास्त्रातल्या नोबेलविजेत्या हॅमने, स्टीव्ह फ्रँकी यांच्यासह, 'एफटी-८' ही संगणकी पद्धत आणली. कानाला जिथे नुसती खरखर ऐकू येते, तिथून ती संदेश उचलते. 'दुसरे काही पोहोचत नाही तिथे मोर्स पोहोचते' हा जुना अभिमान तिने पार झोपवला. 'हे काही खरे रेडिओ नव्हे, यात संगणकच संगणकाशी बोलतो,' अशी तक्रार आता सुरू आहे, आणि ती करणाऱ्यांत मोर्सवाचून आत आलेली मंडळीही आहेत.

कुणाला ऐकायचेच असेल, तर नोव्हेंबरच्या अखेरच्या पूर्ण शनिवार-रविवारी मोर्सची मोठी जागतिक स्पर्धा असते. आपल्या घड्याळात ती शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते आणि सोमवारी पहाटे साडेपाचला संपते. साध्या ट्रान्झिस्टरवर ते सूर उमटणार नाहीत. एसएसबीची सोय असलेला शॉर्टवेव्ह रेडिओ हवा. अंधार पडल्यावर ७ मेगाहर्ट्झच्या किंचित वर काटा ठेवावा. जागा सापडणार नाही इतकी गर्दी असते.